नांदूरमध्यमेश्वरचा गाळ उपसायचा की राहू द्यायचा?

थडीवरचा: परवा नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वर अभयारण्यात, चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावर दोघे तावातावाने म्हणत होते, "पोकलेन घाला आणि सगळं तळं साफ करा." मला नाही पटलं. गोदावरी आणि कादवा या नद्या इथल्या बंधाऱ्याला टेकतात, पाणी संथ होतं, गाळ बसतो. शंभराहून जास्त वर्षांच्या त्या गाळावरच पाणकणीस हे उंच पाणगवत माजलं, पाणकोंबड्या आल्या आणि २०२० च्या जानेवारीत राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून नाव जाहीर झालं. उपसल्यावर उरणार नुसता हौद.

सायखेडकर: हौदच होता तो! बंधारा कालव्यांसाठी बांधला, पक्ष्यांसाठी नाही. २०१९ च्या ऑगस्टच्या पुरात आमच्या दुकानात कमरेएवढं पाणी होतं. ओसरल्यावर दोन दिवस फावड्याने चिखल ओढलाय. तुम्ही दुर्बीण घेऊन येता, संध्याकाळी घरी जाता.

थडीवरचा: दुकानाचं वाईट वाटतं, खरंच. पण तेव्हा वरच्या गंगापूर, दारणा दोन्ही धरणांतून विसर्ग सुरू होता. त्या लोंढ्यापुढे चार फूट खोदून काय होणार?

काळी माती: दोघेही थोडं थांबा. जुलैतलं गोदेचं पाणी बाटलीत भरून खिडकीत ठेवा. वाळू मिनिटाभरात तळाला जाते, पण आपल्या काळ्या मातीची चिकण दुसऱ्या दिवशीही तरंगत असते. मी ठेवली होती, बायको अजून चिडवते. ही चिकण अडवायला पाणी रेंगाळावं लागतं, ते काम पाणकणसाचं. चिकणीला चिकटून खताचा स्फुरद (फॉस्फरस) येतो, द्राक्षबागांवर फवारलेल्या बोर्डोतलं, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकातलं, तांबंही येतं. खतातलं नायट्रेट मात्र विरघळलेलं, ते खाली बसत नाही. तळच्या कुजक्या चिखलातले जिवाणू त्याचा वायू करतात. तो चिखल ढवळलात तर बसलेला स्फुरद पुन्हा पाण्यात.

सायखेडकर: म्हणजे हात लावायचाच नाही? मग सरकारने धरणातला गाळ शेतात न्यायची 'गाळयुक्त शिवार' योजना कशाला काढली? आम्हाला द्या तो गाळ, शेतात पसरतो.

काळी माती: कालव्याच्या तोंडाशी, खोल पात्रात काढा की, उन्हाळ्यात. पाणकणसाचे पट्टे सोडून. आणि शेतात टाकण्याआधी तपासून घ्या, वरून नाशिकचं सांडपाणी येतं.

थडीवरचा: एवढं मान्य. पण गाळ मुळात वरूनच येतो. ओढ्याकाठी दहा फूट गवत ठेवलं तरी बराच अडेल.

सायखेडकर: दहा फूट म्हणजे द्राक्षाची एक ओळ, साहेब. तिचे पैसे कोण देणार?