मदत हवी आहे: सीएफ (सिस्टिक फायब्रोसिस) असलेल्या भावाला डायबेटीस निघालाय, जेवण आणि इन्सुलिनचं कसं जमवता?

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे, त्याला लहानपणापासून सिस्टिक फायब्रोसिस आहे, म्हणजे छातीत चिकट कफ आणि प्रत्येक खाण्यासोबत एन्झाइमच्या कॅप्सूल. हल्ली वजन उतरायला लागलं, दम पण लागायचा. उपाशीपोटी शुगर नॉर्मल, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) पण ठीक, तरी छातीच्या डॉक्टरांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून टेस्ट करायला लावलीच, दोन तासांनी शुगर २३८! ते म्हणाले सीएफमध्ये एचबीए१सीवर विसंबता येत नाही, स्वादुपिंडाच्या नळ्या घट्ट स्रावाने तुंबून ते हळूहळू खराब होतं आणि इन्सुलिन कमी पडतं, मोठ्या वयातल्या साधारण निम्म्या पेशंटना हे होतंच.

गोंधळ असा की डायबेटीसच्या डॉक्टरांनी छापील चार्ट दिलाय, भात बंद, बटाटा बंद, तूप बंद, सोबत गोळ्या. छातीचे डॉक्टर म्हणतात एक घाससुद्धा कमी करू नका, इन्सुलिन चालू करा. मला त्यांचंच पटतंय कारण ह्या आजारात वजन गेलं की फुप्फुसं पण ढासळतात. पण घरी आई घाबरून पोळीवरचं तूप पुसतेय, काकू रोज कारल्याचा रस घेऊन येतात, आणि सगळ्यांच्या सांगण्यावरून त्याचं मीठ पण कमी केलं होतं, सीएफवाल्यांचं घामातून मीठ जातं हो, उन्हाळ्यात तर जास्तच लागतं! तो बिचारा खायलाच घाबरायला लागलाय.

कोणाच्या घरी सीएफ आणि डायबेटीस दोन्ही आहे का? दिवसभर थोडंथोडं खाणाऱ्याला इन्सुलिन कसं देता? पुण्यात सीएफची माहिती असलेले एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोन्स-डायबेटीसचे डॉक्टर) कोणी असतील तर प्लीज व्यनि (खाजगी निरोप) करा.

प्रतिसाद:
ताई, माझ्या नवऱ्याला दोन्ही आहे. छातीचे डॉक्टर बरोबर सांगतायत, ह्या डायबेटीसला इन्सुलिनच देतात, गोळ्या नाही, आणि कॅलरीज कमी करायच्या नसतात. आम्हाला जेवणातल्या कार्ब्सप्रमाणे लगेच काम करणारं इन्सुलिन मोजून द्यायला शिकवलंय, मधल्या खाण्याला पण. नुसतं कोल्ड्रिंक मात्र टाळतो. इन्फेक्शन झालं किंवा स्टेरॉइड चालू असलं की शुगर एकदम चढते, तेव्हा डोस वाढवावा लागतो, डॉक्टरांना फोन करूनच. आणि शुगर लो झाली तर ग्लुकोज पावडर खिशात हवीच. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा, चार्ट तोपर्यंत बाजूला ठेवा. पुण्यातल्या डॉक्टरांचं व्यनि केलंय.