मूळ इंजिन बांधावे की दुसरे बसवावे? वीस वर्षांच्या ऑक्टाव्हिया आरएसबद्दल मते हवी आहेत

आरएस_नागपूर

माझ्याकडे २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे. इंजिन १.८ लिटरचे, टर्बो, वीस व्हॉल्व्ह, १५० अश्वशक्ती. मी तिचा दुसरा मालक असून गेली नऊ वर्षे ती माझ्याकडे आहे आणि मीटरवर १ लाख ६८ हजार किलोमीटर झाले आहेत.

मे महिन्यात एका दुपारी शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढलो आणि अर्ध्या तासाच्या आत तापमानाचा काटा ९० वरून पुढे सरकला. या गाडीचा काटा सहसा जागचा हलत नाही. पाणी थोडेफार कमी-जास्त तापले तरी तो ९० वरच राहावा, अशीच त्याची घडण आहे. त्यामुळे तो हलला तेव्हाच गाडी बंद करायला हवी होती. मी केली नाही. त्या उन्हात कडेला उभे राहण्यापेक्षा पुढचा इंटरचेंज गाठू, असा विचार केला आणि ते सात-आठ किलोमीटर मला भोवले. पाण्याची जुनी नळी क्लिपजवळ चिरली होती. यात गाडीचा काहीच दोष नाही. ती नळी बदलायचे मी दोन वर्षे मनात घोळवत होतो.

टोइंगने गाडी शहरात आणली आणि कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासले. पहिल्या व चौथ्या सिलिंडरमध्ये साधारण साडेदहा बार आले, तर दुसऱ्या आणि तिसऱ्यामध्ये जेमतेम साडेचार. गॅरेजवाल्यांनी तिथेच निकाल दिला, "इंजिन गेले, दुसरे टाकून घ्या." बाहेरून आणलेले वापरलेले इंजिन बसवून १ लाख १० हजार रुपये आणि आठ दिवस, असा त्यांचा हिशेब आहे. मूळ इंजिन पूर्ण उघडून बांधायचे तर अडीच लाखांच्या आसपास खर्च येईल आणि अवधी किती लागेल ते सांगायला ते तयार नाहीत.

तरीही माझे मत मूळ इंजिन बांधण्याच्या बाजूने आहे. या इंजिनाचा ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य भाग) बिडाचा आहे, म्हणजे तो बोअर करून, सिलिंडरची पोकळी कापून रुंद करून, मोठे पिस्टन घालण्याची सोय त्यात आहे. शिवाय नऊ वर्षांत यात कोणते ऑइल किती किलोमीटरला पडले, हे माझ्या वहीत लिहिलेले आहे. बाहेरून येणाऱ्या इंजिनाबद्दल विक्रेता जे सांगेल त्यापलीकडे मला काय कळणार? ते ज्या गाडीतून निघाले, ती गाडी भंगारात का गेली, हे तर तोही सांगणार नाही.

धरमपेठकर

आपल्या वहीबद्दल आदर राखूनही मी पूर्ण विरोधी मत मांडतो.

मूळ इंजिन बांधणे हे ऐकायला जितके सात्त्विक वाटते तितके ते प्रत्यक्षात नसते. कारखान्यातून निघालेले इंजिन झिजलेले असले तरी ते एकदा योग्य जागी, योग्य मापाने, योग्य पान्याने जोडलेले असते. आपण ते उघडतो तेव्हा ती हमी आपल्या हाताने मोडतो आणि तिच्या जागी एका मिस्त्रीची हमी ठेवतो, जो कदाचित वीस व्हॉल्व्हचे हेड (ब्लॉकवर बसणारा, व्हॉल्व्ह असलेला भाग) आयुष्यात पहिल्यांदा उघडत असतो. एका सिलिंडरला तीन इनटेक आणि दोन एक्झॉस्ट, असे हेड नागपुरात किती जणांनी उघडले असेल, याचा आपणच अंदाज करा.

मी हे भोगलेले आहे. माझ्या जुन्या पेट्रोल हॅचबॅकचे इंजिन एका गॅरेजमध्ये बांधायला दिले. आधी बोअर करून घेतले, मग पिस्टन शोधत बसलो. गास्केटचा संच आला तर ऑइल सील नाहीत, सील आले तर बेअरिंग चुकीच्या मापाचे. नऊ महिने गाडी शेडमध्ये उभी होती आणि त्या काळात उंदरांनी वायरिंग खाल्ले ते वेगळेच. गाडी सुरू झाली आणि तीन हजार किलोमीटरवर पुन्हा निळा धूर सोडू लागली. शेवटी दिल्लीच्या मायापुरीतून एक वापरलेले इंजिन मागवले, ते बसवले आणि पुढची सहा वर्षे बॉनेट फक्त सर्व्हिसिंगसाठी उघडले.

आपण गाडी चालवण्यासाठी ठेवली आहे की इंजिन क्रमांक पुजण्यासाठी, हे आधी ठरवावे.

आरएस_नागपूर

धरमपेठकर साहेब, आपण जे सांगितले त्यात दोष इंजिन बांधण्याचा नसून बांधण्याच्या क्रमाचा आहे. पिस्टन हातात नसताना बोअर करायला कोणी सांगितले होते? आणि सहा वर्षे चाललेले ते इंजिन ही आपली पुण्याई झाली. तिच्या भरवशावर मी १ लाख १० हजार कसे मोजावेत?

हिंगण्याचा लेथवाला

हिंगणा एमआयडीसीत मशीन शॉपमध्ये बावीस वर्षे काम करतो आहे, त्यामुळे दोघांनाही थोडे थांबवतो.

आकडे पुन्हा पाहा. कमी कॉम्प्रेशन दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरमध्ये आहे, म्हणजे शेजारच्या दोन सिलिंडरांत, आणि दोन्हीकडे सारखेच आहे. तापलेल्या इंजिनात असे दिसले की पहिला संशय त्या दोघांमधल्या हेड गास्केटच्या (हेड आणि ब्लॉकमधल्या पातळ सीलच्या) चिंचोळ्या पट्टीवर घ्यायचा. ती जळली की एका सिलिंडरचा दाब दुसऱ्यात जातो. पिस्टनवरच्या रिंगा झिजल्या असत्या तर चारही सिलिंडर कमी-जास्त प्रमाणात खाली आले असते. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग किंवा बोअर, नाही चढला तर गास्केट किंवा व्हॉल्व्ह. पाच मिनिटांचे काम आहे. ते न करता "इंजिन गेले" म्हणणाऱ्याकडे गाडी ठेवू नये, असे माझे मत आहे.

यानंतर हेड उतरवा. सरळ पट्टी आणि फीलर गेज घेऊन हेडचा बाक मोजा. ०.१ मिलिमीटरच्या पुढे बाक असेल तर फेसिंग, म्हणजे घासून सपाट, करावे लागेल, आणि फेसिंगलाही मर्यादा असते. हेड वाटेल तितके घासता येत नाही. हेडचे बोल्ट ताणले जाणारे असल्यामुळे ते नवेच घ्यायचे. आधी ठरलेल्या टॉर्कपर्यंत (पिळण्याच्या जोरापर्यंत) आणि मग अंशांत मोजून ते पिळायचे असतात. "हाताला कळते" म्हणणारा मिस्त्री इथेच फसतो.

हेड निघाले की बोअर समोर दिसतो. भिंतीवर होनिंगच्या (बोअरला शेवटचा हात देताना पडलेल्या) तिरप्या रेघा शिल्लक आहेत का ते पाहा. वरच्या टोकाला, जिथे रिंग पोहोचत नाही तिथे, नख फिरवा आणि पायरी लागते का ते बघा. मग बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी आडवे आणि उभे, असे सहा वेळा मोजा. बिडाचा ब्लॉक आणि वेळच्या वेळी बदललेले ऑइल असेल तर १ लाख ६८ हजारांवर बोअर अजून मापात असण्याची शक्यता चांगली आहे. मग बांधणेही नको आणि बदलणेही नको.

इथे बांधलेले इंजिन फसू शकते, या धरमपेठकरांच्या मुद्द्याशी मात्र मी सहमत आहे, जरी तो त्यांनी निराळ्या कारणासाठी मांडला. नागपुरात बोअरिंगची मशीन आहेत, हातही आहेत. मिलिमीटरचा शंभरावा भाग ट्रकच्या आणि कारच्या इंजिनात वेगळा नसतो. आपण कमी पडतो ते धुलाईत. बोअर करून झाल्यावर ब्लॉकवर डिझेल मारून फडक्याने पुसला की झाले, असे मानणारे पुष्कळ आहेत. ऑइलच्या वाटांचे प्लग काढून, आत ब्रश घालून, गरम पाण्याने ब्लॉक धुतला पाहिजे. या इंजिनात पिस्टनच्या पोटावर ऑइल मारणारे बारीक जेट आहेत, तेही मोकळे करावे लागतात. ट्रकच्या इंजिनाला जी घाण पचते ती टर्बोच्या बेअरिंगला पचत नाही.

धरमपेठकर

लेथवाले भाऊ, आपला प्रतिसाद वाचून माझी भूमिका थोडी सौम्य झाली आहे, पण बदललेली नाही. आपण सांगितलेली तपासणी वापरलेल्या इंजिनावरही करता येते. आलेले इंजिन खाली ठेवूनच कॉम्प्रेशन घ्यावे, संप (तळाची ऑइलची टाकी) उघडून एक बेअरिंग पाहावे, टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप आणि सगळे सील बदलावेत आणि मगच ते गाडीत चढवावे. हे केले तर "माहीत नसलेले इंजिन" हा आक्षेप उरत नाही. इमोबिलायझरचीही (चोरी रोखणाऱ्या कुलपाची) अडचण नाही, कारण तो ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि मीटरमध्ये असतो. ते आपल्याच गाडीचे राहतात.

हाच पैसा आणि हीच मेहनत घ्यायची असेल तर स्कोडाच्याच नंतरच्या लॉरा गाडीचे १.८ टीएसआय इंजिन का बसवू नये, असाही प्रश्न मनात येतो.

कलम_५२

टीएसआयचा विचार इथेच सोडून द्यावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीचा तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधिक कडकपणे सांगितले आहे. त्याच जातीचे दुसरे इंजिन बसवणे ही निराळी गोष्ट आहे. पण त्यासाठीही नोंदणी प्राधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी, बदल केल्यावर १४ दिवसांत कळवावे आणि नोंदणीपत्रावर नवा इंजिन क्रमांक चढवून घ्यावा. या गाडीची नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत संपून पाच वर्षांचे नूतनीकरणही झालेले असणार. पुढच्या नूतनीकरणाला निरीक्षक क्रमांक ताडून पाहील, आणि अपघात झाला तर विम्याचा सर्वेयरही पाहील. आलेल्या इंजिनाचे बिल आणि ते कोणत्या गाडीतून निघाले याचा कागद विक्रेत्याकडून मिळत नसेल, तर त्याला हात लावू नये.

हिंगण्याचा लेथवाला

यावर एक मधला मार्ग आहे. इंजिन क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असतो, हेडवर नाही. हेड फेसिंगच्या पलीकडे वाकले असेल किंवा व्हॉल्व्हच्या सीटजवळ तडकले असेल, तर धरमपेठकर म्हणतात तसे वापरलेले इंजिन घ्या, त्याचे हेड काढून, तपासून आपल्या ब्लॉकवर बसवा. कागदावर काही बदलत नाही.

काटोल_नाका

कोणी विचारले नाही, तरी सांगतो. अडीच लाख रुपये लावून ही गाडी विकायला काढली तर ते अडीच लाखही परत मिळतील की नाही, शंका आहे. २०१३ च्या मे महिन्यात ज्या शहराने ४७.९ अंश पाहिले, तिथे वीस वर्षांच्या टर्बो गाडीवर इतका खर्च करणे हा छंद आहे, आणि छंद म्हणूनच करावा. करणारच असाल तर रेडिएटर, पंखा, पाण्याच्या सगळ्या नळ्या आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या आधी बदला. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि या गाडीचे रबर त्यासाठी बनवलेले नाही.

आरएस_नागपूर

उशिरा लिहितो आहे, कारण आधी मोजायचे होते.

चमचाभर ऑइल घालून दुसऱ्या सिलिंडरचा आकडा हललाच नाही. तिसऱ्याचा साडेचारवरून चढून सहाच्या थोडा खाली थांबला. शनिवारी गाडी दुसरीकडे हलवून हेड उतरवले. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरमधली गास्केटची पट्टी पेन्सिलीएवढ्या रुंदीत जळून काळी झाली होती, म्हणजे लेथवाल्या भाऊंचे निदान तंतोतंत होते. हेडचा बाक ०.१२ मिलिमीटर आला. फेसिंगने तो निघेल आणि उंची मर्यादेत राहील, असे मशीन शॉपचे म्हणणे आहे. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या बोअरमध्ये होनिंगच्या रेघा अजून दिसतात. तिसऱ्यात मात्र एक्झॉस्टच्या बाजूला वरून खाली एक उभी रेघ आहे, साधारण तीन सेंटिमीटर लांब.

धरमपेठकर

नखाला अडकते का?

आरएस_नागपूर

अडकते.

धरमपेठकर

मग गास्केटवर काम भागत नाही. एक तर माझे इंजिन, नाही तर तुमचे बोअरिंग. फक्त एकाच सिलिंडरमध्ये स्लीव्ह (आतून बसवायची नळी) बसवून वेळ मारून नेऊ नका, ही विरोधकाची विनंती समजा.

हिंगण्याचा लेथवाला

स्लीव्हबाबत माझे मत त्यांच्याइतके टोकाचे नाही, पण टर्बो इंजिनात मीही चारही सिलिंडर सारखेच बोअर करीन. अर्धा मिलिमीटर मोठे पिस्टन घेतले तर बोअर ८१ चा ८१.५ होईल आणि ८६.४ च्या स्ट्रोकवर १७८१ सीसीचे साधारण १८०३ होतील. (कलम_५२ यांनी हे वाचले नाही असे समजू या.) बोअर पिस्टनच्या मापाला करायचा असतो, पुस्तकातल्या मापाला नाही. प्रत्येक पिस्टन मायक्रोमीटरने मोजून त्याचा क्रमांक त्या त्या सिलिंडरला लावा.

आरएस_नागपूर

रिंगांसह पिस्टनचा संच, बेअरिंग आणि हेडचे बोल्ट आज मागवले. सहा ते आठ आठवडे लागतील, असे विक्रेता म्हणतो. तोवर ब्लॉक ऑइल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून माझ्या घरी जिन्याखाली ठेवला आहे. पिस्टन हातात आल्याशिवाय तो कोणाच्याही मशीनवर चढणार नाही. गाडीच्या वायरिंगजवळ उंदरांचे पिंजरेही लावले आहेत, धरमपेठकर साहेब.