ईएसडीचा नमुना गुंडाळून येतो, कडा कशी वाचायची?

स्लाइडवाला: जठराच्या सुरुवातीच्या कर्करोगाचे ईएसडी नमुने (ईएसडी म्हणजे पोट न उघडता, एन्डोस्कोपीतून गाठ अखंड सोलून काढणं) लॅबला थेट फॉर्मॅलिनच्या बरणीत येतात. ३ सेंमीचा तुकडा विड्यासारखा गुंडाळलेला असतो. काप तिरका जातो आणि खोल कडा (तुकड्याची खालची, कापलेली बाजू) कर्करोगापासून मोकळी आहे की नाही, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. एन्डोस्कोपी विभागाला नेमकं काय कळवावं?

स्कोपरूम: नमुना फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी पिन करायचा. एकदा आत गेला की आहे त्याच आकारात कडक होतो. मग ओढलात तर फाटेल, सपाट होणार नाही. सलाइनने चिकट स्राव हलकेच धुवा, घासू नका. थर्माकोलवर म्यूकोसा (जठराचं आतलं अस्तर) वर, कापलेली बाजू खाली. मुडपलेली कडा चिमट्याने उलगडून अगदी काठावर, ३-४ मिमी अंतराने बारीक पिना लावा. स्टेनलेसच घ्या, साध्या टाचण्या गंजतात आणि काठाला डाग पडतात. पोटात होता तेवढाच ताणा. जास्त ताणलं तर सबम्यूकोसा (म्यूकोसाखालचा थर) पातळ होतो, आणि नेमका तोच तर मोजायचा असतो! तोंडाकडची बाजू थर्माकोलवर लिहा, पट्टी ठेवून फोटो काढा आणि थर्माकोल उलटा करून १० टक्के फॉर्मॅलिनवर तरंगत ठेवा. हे सगळं नमुना सुकायच्या आत.

सूक्ष्मदर्शी: यात भर घालतो. २४ ते ४८ तास फिक्स झाल्यावर २-३ मिमीचे समांतर काप घ्या. गाठ ज्या ठिकाणी काठाच्या सर्वांत जवळ आहे, तिथे काठाला काटकोनात पहिला काप, बाकीचे त्याला समांतर. गाठ किती खोल शिरली ते मोजायचं मस्क्युलॅरिस म्यूकोसीच्या (म्यूकोसाच्या तळाशी असलेल्या पातळ स्नायूथराच्या) खालच्या रेषेपासून. ती रेषा हरवली असेल तर डेस्मिन (स्नायू उठून दिसावा म्हणून करायचं रंजन) लावा. शस्त्रक्रिया टाळता यावी यासाठी जठरात या खोलीची मर्यादा ५०० मायक्रॉन. म्हणजे अर्धा मिलिमीटर! काप तिरका गेला की ४०० चे ६०० सहज दिसतात, आणि विनाकारण पोट उघडायची चर्चा सुरू होते. मोठ्या आतड्यात मर्यादा १००० मायक्रॉन असल्याने थोडी सवड मिळते, एवढंच.

स्लाइडवाला: आणि आधीच गुंडाळून आलेल्याचं काय करायचं?

सूक्ष्मदर्शी: काठाला शाई लावून पूर्ण नमुना ब्लॉकमध्ये घ्या, जमतील तेवढे खोल काप करा. तरीही कळलं नाही, तर ‘कडा ठरवता येत नाही’ असं लिहा, ‘पॉझिटिव्ह’ नको. फक्त बाजूची कडा बाधित असेल तर पुन्हा एन्डोस्कोपीने उपचार करता येतो किंवा लक्ष ठेवता येतं. खोल कडा बाधित किंवा रक्त-लसिकावाहिन्यांत शिरकाव असेल तर सहसा शस्त्रक्रियाच सुचवतात. जळक्या काठावरच्या विद्रूप पेशीही कर्करोगाच्या म्हणून मोजू नका. तिथे चाकूची उष्णता लागलेली असते.

स्कोपरूम: पिनांचा डबा आणि थर्माकोलचे तुकडे एन्डोस्कोपीच्या ट्रॉलीवरच ठेवायला सांगा. लॅबमध्ये ठेवलेत तर कोणी आणायला येत नाही.