ग्लेन गूल्डचा टीव्ही-रेडिओ : कला का पळवाट?

कृष्णाकाठचा_बंड्या
विषय मुद्दाम काढतोय, शिव्या पडणार माहितीय. ग्लेन गूल्ड म्हणजे कॅनडाचा तो पियानोवाला, बाख या जुन्या जर्मन संगीतकाराचं वाजवण्यात नावाजलेला, १९३२ला टोरांटोत जन्मला आणि १९८२ला नुकती पन्नाशी लागली तेवढ्यात गेला. १० एप्रिल १९६४ला लॉस एंजेलिसला शेवटची मैफल वाजवली आणि त्यानंतर तिकीट काढून आलेल्या माणसांसमोर हा कधी बसलाच नाही. वय एकतीस. पुढची अठरा वर्षं फक्त स्टुडिओ, रेडिओ, टीव्ही. यूट्यूबवर त्याचं झाडून सगळं पडलंय, आणि ते बघून माझं मत असं झालंय की माणूस हातानं राक्षस होता यात वादच नाही, पण टीव्हीवर जे दिसतं त्यात अर्धं नाटक आहे. ती बुटकी खुर्ची, नाक पट्ट्यांना टेकायचं बाकी, तोंडानं सतत गुणगुण, एक हात रिकामा झाला की त्या हातानं स्वतःलाच कंडक्ट करणार. भर उन्हाळ्यात ओव्हरकोट, मफलर, हातमोजे. आणि परत हेच महाशय सांगणार की मला लोकांसमोर वाजवणं म्हणजे सर्कस वाटते. अरे मग कॅमेऱ्यासमोर काय चाललंय? श्रोते नकोत पण प्रेक्षक हवेत, असला प्रकार. समोरच्याची दाद घ्यायची नाही, चूक झाली तर पुन्हा टेक, आवडलं नाही तर कापून टाक. आपल्याकडं असं कुणी केलं असतं तर पळपुटा म्हणून मोकळे झालो असतो. बोला आता.

तंबोरा_मिरज
बंड्या भावा, खुर्चीवरनं सुरू केलंस म्हणून आधी खुर्चीच घेतो. ती त्याच्या बापानं १९५३ला घडीच्या खुर्चीचे पाय कापून करून दिली, उंची चौदा इंच. तेव्हा ह्याला कॅनडाबाहेर कुत्रं ओळखत नव्हतं, बाखच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्सची पहिली रेकॉर्ड झाली ती १९५५ला. मग कॅमेऱ्यासाठी नाटक कसलं? पार फाटून नुसता सांगाडा राहिला तरी मरेपर्यंत त्याच खुर्चीवर बसला. आणि गुणगुणायचं म्हणशील तर आईनं लहानपणी वाजवताना सोबत गायला लावलं, ती सवय. आपल्यात सतारवाला तोंडातल्या तोंडात गात बसला तर आपण म्हणतो गाऊन वाजवतोय, आणि ह्यानं केलं की नौटंकी?

आमच्या सतारमेकर गल्लीत असली गिऱ्हाइकं कायम असतात. जवारी, म्हणजे तारेचा झंकार, काढताना घोडीवर कानस किती फिरवली, दोरा केसभर इकडं गेला का तिकडं, यावर अख्खी दुपार घालवणारे. मागच्या वेळचाच भोपळा पाहिजे म्हणून हटून बसणारे. गूल्डचा पण एकाच पियानोवर जीव जडलेला, स्टाइनवे कंपनीचा सीडी ३१८ नंबरचा, टोरांटोतला. त्याच्या पट्ट्या इतक्या हलक्या करून घेतल्या की मधल्या सुरांना एक उचकी लागायची, रेकॉर्डमध्ये ऐकू येते, तरी बदलला नाही. ट्यूनर व्हर्न एडक्विस्ट, त्याला डोळ्यानं जवळजवळ दिसत नव्हतं, त्यानं वर्षानुवर्षं तो सांभाळला. १९७१ला ने-आण करताना पियानो आदळला, फ्रेमच तडकली, परत पहिल्यासारखा झाला नाही म्हणून हा माणूस खचला. याला नाटक म्हणत न्हाईत राव. याला आमच्यात कानाचं दुखणं म्हणतात.

कंदी_पेढा_सातारा
उन्हाळ्यात ओव्हरकोट घालतो म्हणून नाटकी? मग आमच्या साताऱ्यातली निम्मी म्हातारी माणसं मे महिन्यात कानटोपी घालतात त्यांना ऑस्कर द्या.

पेटीवाले_अण्णा
खुर्ची, कोट, कानटोपी यावर वेळ घालवू नका. बंड्याचा प्रश्न वेगळा आहे आणि तो बरोबर आहे, फक्त पुरावा चुकीचा दिलाय. मी देतो.

१९६२चा एप्रिल, न्यूयॉर्कचं कार्नेगी हॉल, ब्राम्सचा पहिला पियानो कन्चेर्तो, म्हणजे एक पियानो आणि सोबत अख्खा वाद्यवृंद. लेनर्ड बर्नस्टाइनसारखा कंडक्टर वाजवायच्या आधी लोकांपुढं येऊन जाहीर सांगतो की आज जे ऐकाल ते मला मान्य नाही, पण गूल्ड गंभीर कलावंत आहे म्हणून मी साथ करतोय. लयच इतकी संथ ठरवलेली. हे रेडिओवर गेलं, टेप आजही ऐकायला मिळते. इथवर मला काहीच तक्रार नाही, उलट आवडतं. समोर माणसं आहेत, कंडक्टर नाराज आहे, टीकाकार सुऱ्या परजून बसलेत आणि तरी हा आपल्या लयीला चिकटून राहतो. याला छाती लागते.

आता १९६८ला या. अमेरिकेच्या शैक्षणिक टीव्हीवर कार्यक्रम केला, मोझार्ट वाईट संगीतकार कसा झाला. विषय तोच. मोझार्ट लवकर गेला असं जग म्हणतं, ह्याचं म्हणणं उशिरा गेला. मोझार्टचाच सी मायनर कन्चेर्तो घेऊन दाखवतो की बघा कसं साचेबंद आहे. आणि तोच कन्चेर्तो सात वर्षं आधी ह्यानंच रेकॉर्ड केलेला, उत्तम केलेला! समोर कुणी नाही. आक्षेप घेणारा नाही, हसणारा नाही, उठून जाणारा नाही. कॅमेऱ्याशी एकटाच बोलतोय. भावे नाट्यमंदिरात उभं राहून कुणी म्हणून दाखवावं की बालगंधर्व वाईट गायचे, तिसऱ्या रांगेतून उत्तर येईल. माणूस तोच, पण समोरची माणसं काढून घेतल्यावर त्याचा तिखटपणा नुसता खोडसाळपणा होऊन बसला. माझा आक्षेप हा आहे.

विश्रामबागची_शुभा
अण्णा, मोझार्टचा कार्यक्रम मलाही आगाऊ वाटतो, सोडून देऊ. पण तुम्ही दोघंही टीव्हीच धरून बसलाय. गूल्डचं खरं काम रेडिओवर आहे आणि ते इथं कुणीच काढत नाहीये म्हणून जरा लांबण लावते, सहन करा.

सीबीसी म्हणजे त्यांची आकाशवाणी. तिथं हा पहिल्यांदा वाजला १९५०च्या नाताळच्या आदल्या दिवशी, वय अठरा. पुढं त्यानं स्वतः लिहून ठेवलंय की त्या दिवशी मायक्रोफोनशी जे जमलं ते आयुष्यभर राहिलं. म्हणजे मैफिलीत हरला आणि मग रेडिओत घुसला असं नाहीच, क्रम उलटा आहे. १९५२च्या सप्टेंबरात टोरांटोत टीव्ही सुरू झाला तर पहिल्याच दिवशी पडद्यावर हा होता. आपल्या मुंबईत टीव्ही आला १९७२ला, तेवढ्यात ह्याची दोन दशकं झालेली.

१९६७च्या डिसेंबरात त्यानं रेडिओसाठी एक तासाचा कार्यक्रम केला, नाव 'आयडिया ऑफ नॉर्थ', कॅनडाच्या उत्तरेकडच्या ओसाड मुलखाबद्दल. पियानो नाही त्यात. पाच माणसं बोलतात, त्यातली एक नर्स, बाकीचे तिकडं राहिलेले, काम केलेले. पाचही जणांशी हा वेगवेगळा बोललाय, ती एकमेकांना भेटलेलीसुद्धा नाहीत. सुरुवातीला नर्सचा आवाज एकटा येतो, शांत, वरून बर्फाळ जमीन बघितल्याचं सांगत, मग ती बोलत असतानाच दुसरा आवाज आत येतो, तो वर यायला लागला की तिचा खाली जातो पण बंद होत नाही, मग तिसरा. तिघं एकदम बोलतायत. पहिल्यांदा ऐकताना वाटतं रेडिओ बिघडलाय, दोन स्टेशनं मिसळलीत. थोडा दम धरला की कान आपोआप निवडायला लागतो, एखादा शब्द दोघांच्या तोंडी पाठोपाठ येतो आणि लक्षात येतं की हे मुद्दाम आहे, ही फ्यूग आहे. बाखमध्ये एक ओळ निघते, तीच दुसऱ्या आवाजात वरच्या सुरात येते, पहिली चालूच असते, तेच इथं बोलण्याचं केलंय. खाली आगगाडीचा खडखडाट बहुतेक वेळ खर्जासारखा धरून ठेवलाय आणि शेवटाला फिनलंडच्या सिबेलिअसची पाचवी सिंफनी. हे सगळं फितीला ब्लेडनं काप देऊन, चिकटवून, रात्र रात्र बसून. असे तीन कार्यक्रम केले, तिसरा १९७७ला, तिन्हींचा विषय एकटं राहणारी माणसं.

बंड्या, हे मैफिलीत करून दाखव. होऊच शकत नाही. पळवाट असती तर तो त्याच जुन्या गोष्टी बंद खोलीत वाजवत बसला असता.

कृष्णाकाठचा_बंड्या
ताई मस्त लिहिलंत, पण मुद्दा सरकवलात. तो चांगला रेडिओवाला होता हे मान्यच की. मी म्हणतोय वादक म्हणून. वादकानं समोरासमोर वाजवायचं टाळलं, आणि वर १९६६ला लेख लिहिला की शंभर वर्षांत जाहीर मैफली बंद पडतील, लोक घरी बसून ऐकतील. स्वतःला नको होतं म्हणून जगाला नको होणार! आज मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला या, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं रात्र रात्र गाणं चालतं, लोक सतरंजीवर पेंगत पेंगत ऐकतात आणि एक जागा अशी येते की पेंगणारा पण वा म्हणून उठतो. गाणाऱ्याला ते दिसतं, तो ती जागा परत घेतो, वेगळी घेतो. ही देवाणघेवाण कुठल्या स्टुडिओत होते सांगा. आणि काप देऊन जोडणं म्हणजे तर हद्द. सहाव्या टेकमधला तुकडा आणि आठव्या टेकमधला तुकडा जोडून एक फ्यूग तयार केली आणि अभिमानानं सांगितलं सुद्धा!

तंबोरा_मिरज
ती ए मायनरची फ्यूग. पूर्ण तर सांग की. दोन्ही टेक एकदम बिनचूक होते, चूक झाकायला जोडलेच नव्हते. एक जड, भारदस्त, दुसरा हलका, टुणटुण उड्या मारणारा, आणि काही आठवड्यांनी ऐकल्यावर दोन्ही शेवटपर्यंत कंटाळवाणे वाटले. मग सुरुवात-शेवटाला भारदस्त घेतला आणि मधे हलका. आता हे तुला फसवणूक वाटते का विचार? खाँसाहेबांच्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांवर अख्खा महाराष्ट्र पोसला की रे. तिथं कुठं दाद होती समोर? तीन मिनिटांत काय ठेवायचं नि काय गाळायचं हे त्यांनी पण ठरवलंच असणार.

पेटीवाले_अण्णा
ठरवलं, पण मैफल सोडली नाही. फरक तिथंच आहे. आणि कुणी अन्नपूर्णादेवींचं नाव काढायच्या आत मीच काढतो, कारण ते येणारच. त्यांनीही जाहीर वाजवणं सोडलं, मुंबईत घरात बसून शिकवलं, हरिप्रसाद, निखिल बॅनर्जी अशी माणसं घडवली. पण त्यांनी कॅमेराही नाकारला, मायक्रोफोनही नाकारला. तो संन्यास पुरा. गूल्डनं माणसं सोडली आणि भिंग ठेवलं. टीव्हीवर विग लावून बहुरूपी व्हायचा, सर नायजेल म्हणून इंग्रज कंडक्टर काय, क्लॉपवाइसर नावाचा जर्मन संगीतकार काय, उच्चार काढून, भुवया उडवून. शिष्य मात्र एकही घडवला नाही.

विश्रामबागची_शुभा
अण्णा, शिष्य नाही हे खरं आणि मला ते खटकतं. पण टीव्हीवर शिकवलं नाही असं नका म्हणू. १९६३चा फ्यूगवरचा कार्यक्रम बघा. आधी पियानोवर सोडवून दाखवतो, ही ओळ, हिला उत्तर, आता दोन्ही मिळून, मग शेवटाला चार गायक आणि चार तंतुवाद्यं घेऊन स्वतः रचलेली फ्यूग, जिचे शब्दच फ्यूग कशी लिहावी याबद्दल, म्हणजे नियम सांगत सांगत नियम मोडणारी. मुलांना दाखवा, लोळतील हसून. आणि येहुदी मेनुहिनबरोबरचा कार्यक्रम. मेनुहिन म्हणजे पुण्याच्या अय्यंगारांकडं योग शिकलेले, रविशंकरांबरोबर वाजवणारे, आपल्या ओळखीचे. त्यांना शोनबर्ग या आधुनिक संगीतकाराची रचना मनापासून पटत नव्हती, ते कॅमेऱ्यासमोर तसं बोलतात, गूल्ड वाद घालतो, हसतो, परत समजावतो आणि मग दोघं ती रचना वाजवतात. तुम्ही म्हणता समोर आक्षेप घेणारा नव्हता. हा घ्या होता, तोही मेनुहिन. एकटा असला की आगाऊ आणि समोर तोलामोलाचा असला की उत्तम, असं असेल तर ते मी मान्य करीन.

कंदी_पेढा_सातारा
म्हणजे तात्पर्य काय, ह्याला साथीदार पाहिजे होता, गिऱ्हाईक नको होतं.

पेटीवाले_अण्णा
पेढ्या, विनोदात बरोबर बोललास, तरी माझं मत तेच. एक तास रेडिओ ऐकून मी थक्क होतो, पण थक्क होणं म्हणजे भिडणं नव्हे. १९८१चं गोल्डबर्ग, मरायच्या आदल्या वर्षीचं, चित्रीकरण आहे, त्यात शेवटची एरिया, म्हणजे सुरुवातीचीच धून परत, वाजवताना तो माणूस पुरता आत गेलाय. तिथं मला वाटतं, हे बघायला खोलीत दहा माणसं बसलेली असायला हवी होती. त्याला कळलं असतं काहीतरी.

विश्रामबागची_शुभा
आणि मला वाटतं दहा माणसं असती तर तो आत गेलाच नसता. इथं आपलं जमणार नाही अण्णा. पण एक गंमत सांगते. १९७७ला व्हॉयेजर यानं सोडली, त्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी, त्यात गूल्डनं वाजवलेला बाख आहे आणि आपल्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. एक मैफल सोडून मायक्रोफोनकडं गेलेला आणि एक मैफलीची राणी, जिची ध्वनिमुद्रणं मोजकीच. यानं सुटली ऑगस्ट-सप्टेंबरात आणि बाई १६ सप्टेंबरला गेल्या.

कृष्णाकाठचा_बंड्या
ताई ही मोठी गोष्ट आहे, पण बघा, तिथं पण समोर श्रोता नाहीच.

तंबोरा_मिरज
श्रोत्याचं ऱ्हाऊ दे, आधी ह्याचं उत्तर द्या. त्या तबकडीवर गूल्डला पावणेपाच मिनिटं आणि आमच्या केसरबाईंना साडेतीन. हे कुणी ठरवलं? यावर भांडायचं सोडून खुर्चीवर काय भांडताय.