जामीनदार कधी सुटतो?

कर्ज थकलं तर, काहींना वाटतं, आधी कर्जदाराची मालमत्ता विकल्याशिवाय जामीनदाराला हात लावता येत नाही. तसं नाही हो. करार कायदा १८७२, कलम १२८: करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. हर्णैला माझ्या काकांनी शेजाऱ्याच्या होडीच्या कर्जाला सही केली. होडी किनाऱ्यावर झापांनी शाकारून पडलेली, आणि वसुली काकांच्या पगारातून. पासबुकातली दर महिन्याची ती कपात आठवली की अजून जीव तुटतो.

मात्र कलम १३४ वाचाच. कर्ज देणाऱ्या पतसंस्थेने स्वतः करार करून कर्जदाराला कर्जमुक्त केलं, तर जामीनदारही सुटतो. (छापील जामीनपत्रात हा हक्क सोडल्याची ओळ असते बऱ्याचदा, सहीआधी बघा.) भरलेले पैसे कर्जदाराकडून मागायचा हक्क कलम १४५ देतं, पावत्या जपून ठेवा.