हुड्डेच्या दगडावरची रेघ म्हणजे शून्य पातळी का?

प्रश्न (भुसावळ): आम्स्टरडॅमचे महापौर योहानेस हुड्डे (१६२८–१७०४) यांनी बसवलेल्या दगडांवरची आडवी खाच उंची मोजायला शून्य धरायची का? आणि गणिती माणूस २१ वेळा महापौर कसा?

उत्तर १ (धुळे): नाही भाऊ, इथेच घोळ होतो. खाच म्हणजे समुद्रबांधाची उंची. शून्य तिच्या ९ फूट ५ इंच खाली. तिथला फूट २८.३ सेंटिमीटरचा आणि त्यात इंच ११च, म्हणून अंतर साधारण २.६८ मीटर. बाराने भागलंत की हिशेब चुकलाच. शून्य ठरवायला १६८३-८४ मध्ये वर्षभर भरतीच्या नोंदी घेतल्या. सरासरी भरती म्हणजे शून्य. संगमरवराचे असे आठ दगड कालव्यांचं पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या झडपांपाशी बसवले. एकाच ठिकाणी खूण असती, तर जमीन खचल्यावर पडताळायचं कशाशी?

उत्तर २ (जळगाव): महापौर एका वेळी चार असत, मुदत वर्षाची, म्हणून २१ वेळा जमलं. बांधाइतकंच कालव्यांतल्या घाण पाण्याचं दुखणं होतं. भरती-ओहोटी बघून झडपा उघडत, मिटत. आपल्या हतनूर धरणाची पातळी वाचताना शून्य कुठलं ते आपण विचारतच नाही! आजची युरोपीय उंचीमापनाची पातळी याच शून्यावरून आली.

प्रश्नकर्ता: म्हणजे माझ्या आकृतीत बांध पावणेतीन मीटर उंच चढला होता. सुधारतो, दादा.