लेंट आणि ईस्टर घरी लहान मुलांसोबत कसं करता तुम्ही?

वसईची_पुण्यात

नमस्कार सगळ्यांना. मी मूळची वसईची, लग्न होऊन पुण्यात आले, नवरा नगरकडचा, कॅथलिकच. मोठा मुलगा ६ वर्षांचा, धाकटी साडेतीन. यंदा (२०२६) १८ फेब्रुवारीला राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा, लेंटचा पहिला दिवस, जेमतेम दहा दिवस राहिलेत आणि मला आत्तापासूनच टेन्शन आलंय, कारण मागच्या वर्षी सगळाच घोळ झाला.

झालं असं की मी उत्साहाने मुलाला सांगितलं, ४० दिवस चॉकलेट सोडायचं, येशूसाठी. तोही हो म्हणाला. दोन आठवडे ठीक गेले आणि मग शाळेत कुणाचा तरी बर्थडे होता, तिथे याने चॉकलेट खाल्लं, घरी काही बोलला नाही, आणि रात्री अंधारात मला विचारतो, "आई, येशूला कळलं असेल का?" आणि रडायला लागला. मला इतकं वाईट वाटलं ना, म्हटलं मी हे काय करून ठेवलंय.

त्यात उपवास हा शब्द. वरच्या मजल्यावरच्या काकूंचा एकादशीचा उपवास असला की आमच्याकडे साबुदाण्याच्या खिचडीची वाटी येते, त्यामुळे याच्या डोक्यात उपवास = साबुदाणा. राखेच्या बुधवारी सकाळी उठून पहिला प्रश्न, "खिचडी कधी?"

आणि गुड फ्रायडेला चर्चमध्ये मोठा क्रूस बघून घरी आल्यावर जवळजवळ आठवडाभर "त्याला का मारलं, कुणी मारलं, खिळे दुखले असतील ना" हेच. झोपेना. एवढं सगळं करून ईस्टर मात्र सकाळी अकरा वाजता संपला. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), केक, अंडं, आजी-आजोबांना व्हिडिओ कॉल, बास. मुलगा म्हणाला, "झालं?"

लहानपणी आमच्याकडे आजी सगळं बघायची, लेंटमध्ये गाणी लावायची नाहीत, लग्नं नाहीत, शुक्रवारी संध्याकाळी अख्खी गल्ली क्रुसाच्या वाटेला (येशूच्या शेवटच्या वाटेवरच्या चौदा प्रसंगांपाशी थांबून करायची प्रार्थना). आम्हाला कुणी बसून समजावलंच नाही, गावच तसं होतं ना. इथे चौथ्या मजल्यावरच्या टू बीएचकेत तो माहोल कुठून आणू? तुम्ही काय करता सांगा प्लीज.

कॅटेकिझम_टीचर

ताई, आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. तुमच्या मुलावर उपवास बंधनकारक नाहीच. मांसाहार वर्ज्य करायचा नियम १४ वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होतो आणि एकच पूर्ण जेवण करायचा उपवास १८ पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत, तोही फक्त राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. लहान मुलांना फक्त त्यामागचा अर्थ कळायला लागावा एवढीच आईबाबांची जबाबदारी. ६ वर्षांच्या मुलाने चॉकलेट खाल्लं तर काहीही मोडलेलं नाही, हे त्याला स्पष्ट सांगा, मागच्या वर्षीचं असलं तरी सांगा, मुलं विसरत नाहीत.

दुसरं, राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजा, ४६ दिवस भरतात. मधले सहा रविवार वजा केले की ४०. रविवार हा उपवासाचा दिवस नसतोच, त्यामुळे काही सोडलंच असेल तर रविवारी बिनधास्त द्या. माझ्या वर्गात मी "सोडणं" हा शब्दच कमी केलाय आता, मी विचारते या आठवड्यात कुणाला काय देणार. एका मुलाने मागे सांगितलं मी बहिणीला खिडकीची सीट देणार, रिक्षात. मला विचाराल तर चॉकलेटपेक्षा कितीतरी अवघड आहे ते 😄

बोंबील_प्रेमी

शुक्रवारी मटण-चिकन नाही म्हणून आमच्या घरी पापलेट यायचं, तेही तळून, आणि वर आई म्हणायची प्रायश्चित्त चाललंय. नियमाने मासे चालतात, अंडी चालतात, मान्य. पण वसईच्या माणसाने मासे खाऊन लेंट पाळला म्हणणं म्हणजे जरा जास्तच होतं 😂 आता आम्ही शुक्रवारी वरण-भात-भाजी करतो आणि वाचलेले पैसे खोक्यात. मुलगी स्वतः टाकते, नाण्यांचा आवाज आला पाहिजे म्हणून नोट दिली तर सुट्टे करून आण म्हणते. पाम संडेला (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) ते खोकं चर्चमध्ये नेऊन देतो. बाकी ज्ञान आपल्याकडे नाही.

कुवेतवाला_बाबा

तुमचा माहोलचा प्रॉब्लेम मला अगदी समजतो, आम्ही तर परदेशात. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवार, त्यामुळे गुड फ्रायडेला निवांत आणि ईस्टर संडेला सकाळी मी ऑफिसात, मुलं शाळेत. पहिल्या वर्षी बायको रडलीच होती. मग हळूहळू आम्ही घरातलंच काही काही ठरवलं, सगळं सांगत नाही, दोन गोष्टी सांगतो ज्या मुलं स्वतः आठवण करून देतात.

एक म्हणजे आलेलुया (देवाच्या स्तुतीचा जयघोष) पुरणे. लेंटमध्ये मिस्सात आलेलुया म्हणत नाहीत ना, तर राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी मुलं मोठ्या कागदावर आलेलुया लिहितात, रंगवतात, एकदा शेवटचं जोरात गातात आणि मग कागद डब्यात घालून गॅलरीतल्या कुंडीत पुरतात. ईस्टरपर्यंत घरात तो शब्द बंद. चुकून कुणी बोललं की बाकीचे ओरडतात. पहिल्या वर्षी आम्ही प्लास्टिकच्या पिशवीत पुरला होता, बायको रोज झाडाला पाणी घालायची, बाहेर काढला तेव्हा लगदा. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा घ्या.

दुसरं, पवित्र गुरुवारी (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी) मिस्सात ग्लोरिया या स्तुतिगीताच्या वेळी घंटा वाजतात आणि मग थेट शनिवारच्या रात्रीपर्यंत घंटा गप्प, लाकडाची खटखट वाजवतात. तर आम्ही गुरुवारी रात्री घराची डोअरबेल बंद करतो. एवढंच. दोन दिवस लोक दार ठोठावतात, डिलिव्हरीवाले वैतागतात, मुलांना मात्र कळतं की आज काहीतरी वेगळं आहे. शनिवारी रात्री परत चालू केली की दोघं मिळून पाच मिनिटं बेल वाजवत बसतात, शेजारी इजिप्शियन आहेत, ते पहिल्या वर्षी बाहेर आले बघायला काय झालं म्हणून.

येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून गुरुवारी पाय धुणंही करतो, मोठ्या टबात. मी मुलांचे धुतो, मुलं आईचे. धाकटा पाण्यात उड्या मारतो, पवित्र वगैरे काही राहत नाही, पण चालतं.

सरळ_बोलतो

मला एक कळत नाही, हल्ली सगळ्याच गोष्टींचं क्राफ्ट का करायचं असतं? लेंट म्हणजे प्रार्थना, उपवास, दानधर्म. आमच्या आईबापांनी काही डबे पुरले नाहीत आणि बेली बंद केल्या नाहीत, शुक्रवारी हात धरून क्रुसाच्या वाटेला नेलं, चौदाच्या चौदा ठिकाणी गुडघे टेकायला लावले, झालं. मोबाइलवर फोटो टाकण्यासाठी चाललेलं असतं निम्मं. मुलांना चर्चला न्या, कंटाळतील, कंटाळू दे.

आगाशीची_आजी

सरळ बोलतो, बाळा, तुझ्या आईने डबा पुरला नाही कारण तिच्या दारात वाडी होती आणि गावात सगळे एकाच वेळी गुडघे टेकत होते. ही पोरगी पुण्यात एकटी आहे. तिला करू दे.

आता तुला सांगते ग. मी मोबाइलवर हळू लिहिते, चुका माफ कर. पोरगा क्रुसाला घाबरला त्याबद्दल. माझा नातू पण असाच हळवा. मी त्याला गव्हाची गोष्ट दाखवली. सांगितली नाही, दाखवली. झावळ्यांच्या रविवारच्या (पाम संडेच्या) आदल्या रात्री मूठभर गहू भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी मिस्सा करून आलं की परातीत माती घेऊन पोरांच्या हाताने पेरायचे, वर पातळ माती घालायची. घटाला पेरतात ना शेजारी, तसंच. योहानाच्या शुभवर्तमानात बाराव्या अध्यायात येशूच सांगतो, गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, मेला तर पुष्कळ पीक देतो. नातू दोन दिवस माती उकरून बघत होता, आजी मेले का गहू? म्हटलं थांब. गुरुवारी पांढरे कोंब, शुक्रवारी हिरवं टोक दिसतं, उन्हाळा असतो त्यामुळे पटकन येतात. ईस्टरला चार बोटं वर. मी त्याच्या मध्ये एक छोटं मडकं आडवं ठेवते आणि तोंडाशी दगड, ती कबर. रविवारी पहाटे पोरं उठायच्या आत दगड बाजूला करून ठेवते. आणि एक सांगते, लहान पोराला शुक्रवारची गोष्ट कधी शुक्रवारवर सोडू नये. त्याच रात्री झोपवताना सांगायचं की पुढे काय झालं. मोठ्यांनी वाट बघावी, पोरांना तीन दिवस फार लांब असतात.

क्रुसाची वाट घरी करायची तर तीन-चार ठिकाणंच कर. आई भेटते ते, सिमोन क्रूस उचलायला मदत करतो ते, वेरोनिका तोंड पुसते ते. पोरांना मदत करणारे लोक आवडतात.

गोराईकर_ईस्ट_इंडियन

आजीला सलाम 🙏 मी खाण्यापुरतं बोलते. अंडी रंगवायला बाजारातले रंग नको, कांद्याची सुकी सालं महिनाभर साठव, विनेगर घालून अर्धा तास उकळ, त्यात पांढरी अंडी उकड, मस्त तांबडी-तपकिरी होतात. हळदीत पिवळी. अंड्यावर आधी कोथिंबिरीचं पान ठेवून जुन्या स्टॉकिंगमध्ये घट्ट बांधलं तर पानाचा ठसा उमटतो, माझी मुलं यासाठी भांडतात. तपकिरी गावठी अंडी घेऊ नकोस, मी घेतली होती, काहीच दिसेना.

मार्झिपॅनची अंडी काजूची कर, बदाम सोलत बसू नकोस. मी एकदा पाक जास्त शिजवला आणि अंडी अशी झाली की सासऱ्यांची कवळी... जाऊ दे. आणि ईस्टरला आमच्याकडे फुगे (तळलेले गोल पाव) आणि इंद्याल (मांसाचा तिखट रस्सा) लागतंच, पण ते तू आईकडून शीक, इथे लिहिलं की बॉटल मसाल्यावरून (आमच्या ईस्ट इंडियन लोकांचा खास मसाला) भांडणं सुरू होतील.

वसईची_पुण्यात

अरे बापरे एवढी उत्तरं! सगळ्यांना थँक्यू. टीचर, मी काल रात्रीच मुलाला सांगितलं की मागच्या वर्षीचं चॉकलेट ठीक होतं, तो म्हणाला "मला माहितीये" आणि वळून झोपला. आजी, तुमचं वाचून माझ्या डोळ्यात पाणी आलं खरंच.

सरळ बोलतो दादा, तुमचंही थोडं पटलं, मी सगळं नाही करणार, आलेलुयाचा डबा आणि गहू एवढंच, आणि एक शुक्रवार तरी क्रुसाच्या वाटेला न्यायचं. एक शंका राहिली. यंदा गुढीपाडवा १९ मार्चला म्हणजे लेंटमध्येच आलाय, शेजारच्यांकडे दरवर्षी श्रीखंड-पुरी असते, मुलांना नाही म्हणू का?

कॅटेकिझम_टीचर

अजिबात नको. १९ मार्च म्हणजे संत योसेफचा सण, मोठा सण आहे तो, लेंटमध्ये असला तरी. श्रीखंड खा आणि शेजाऱ्यांना सांगा आमचाही आज सण आहे. तसंही ईस्टर हा २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार, त्यामुळे आपला पवित्र आठवडा कुठल्या ना कुठल्या सणाला टेकतोच. २०२४ ला पवित्र सोमवारी धुळवड होती, यंदा पवित्र गुरुवारी हनुमान जयंती. तुम्ही संध्याकाळी पाय धुवाल तोवर शेजारून सुंठवडा आलेला असेल.

कुवेतवाला_बाबा

आणि ते "झालं?" बद्दल राहिलंच. ईस्टरचा काळ पेंटेकॉस्टपर्यंत (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) ५० दिवस असतो, म्हणजे लेंटपेक्षा मोठा. आमचा रविवार ऑफिसात जातो म्हणून आम्ही पुढचे सगळे शुक्रवार ईस्टरचेच धरतो, प्रत्येक शुक्रवारी एक काहीतरी, आइसक्रीम, समुद्र, कुणाला तरी जेवायला बोलावणं. अंडी सगळी एकाच सकाळी संपवू नका.

वसईची_पुण्यात

अपडेट द्यायला आलेय, हॅपी ईस्टर सगळ्यांना! रात्रीच्या मिस्साला गेलो होतो, धाकटी पास्काची (ईस्टरची मोठी) मेणबत्ती पेटल्यावर दहा मिनिटांत खांद्यावर झोपली, मोठ्याने मात्र स्वतःची मेणबत्ती शेवटपर्यंत धरली, मेण माझ्या साडीवर. सकाळी डबा उकरला, कागद कोरडा निघाला (स्टीलचा!) आणि मग लिफ्टमध्ये तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत आलेलुया. वरच्या काकूंनी विचारलं काय झालं, तर धाकटी म्हणाली "दगड गेला".

शुक्रवारी मुलाने परत खिळ्यांचं विचारलंच. मी आजींनी सांगितलं तसं त्याच रात्री पुढचं सांगितलं. तो उठून परात बघून आला आणि झोपला.

आता प्रश्न असा की गहू वीतभर वाढलेत, मुलगा फेकू देत नाहीये. काय करू?

आगाशीची_आजी

कात्रीने वरून काप, परत वाढतात. दुसऱ्यांदा पिवळे पडले की कुंडीत गाड, पोराच्याच हाताने. आणि परात घासून ठेव, पुढच्या वर्षी लागेल.

बोंबील_प्रेमी

साडीवरच्या मेणाला इस्त्री आणि जुना पेपर. बायको म्हणतेय कपड्याखाली आणि वर, दोन्हीकडे पेपर ठेवायचा.